गट अ, गट ब आणि आमचं न्हाणीघर

निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने दिवाळी अंकात लिहायचं म्हटलं की वाचकांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. चिखल तुडवत शाळा गाठणं, गळकं छप्पर, मग मोठा साहेब झालेला जुना विद्यार्थी बाजारात भेटून वाकून नमस्कार करतो वगैरे. माझ्या शाळेचं छप्पर गळत नव्हतं, दारापर्यंत डांबरी रस्ता होता आणि बाजारात भेटणारे माझे विद्यार्थी मला बांगडे महाग लावतात. तेव्हा ते सगळं सोडून मी एकाच वर्षाबद्दल लिहिणार आहे. त्या वर्षी मला 'काहीही नवीन करू नका' असं लेखी सांगण्यात आलं होतं, आणि ते पाळता पाळता प्रकरण माझ्या संसारावर आलं.

आधी धंद्यातलं थोडं सांगते. मूल वाचतं म्हणजे नक्की काय करतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पहिलीच्या पोराला पुस्तक उघडून दिलं की ते घडाघडा म्हणतं. आईबाप खूश, तपासायला आलेले साहेब खूश. पुस्तक उलटं धरलं तरी ते तितकंच घडाघडा म्हणेल, ही गोष्ट फक्त बाईला ठाऊक असते, आणि बाई ती साहेबांना सांगायला जात नाही. तोंडपाठ करणं आणि वाचणं यातला फरक कळायला वेळ लागतो, आणि कळला तरी कबूल करायला कोणाला घाई नसते.

आमच्या तिसरीत सायरा नावाची मुलगी होती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि तिला वाचता येत नव्हतं. हे मला कळलं ते माझ्या घाईमुळे. ती धडा वाचत होती आणि मी तिच्या पुस्तकाची पानं उलटून देत होते. एकदा चुकून दोन पानं उलटली गेली. सायरा जराही न अडखळता मधलं पान म्हणत राहिली, आणि तेसुद्धा खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे बघत. मी पुस्तक मिटलं. ती तरी थांबली नाही. धडा संपवून मगच बसली.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. अर्धी घरं मच्छीमारांची, बाकीची मुसलमान वस्ती. त्यातल्या घराघरातला एखादा तरी पुरुष आखातात किंवा बोटीवर. सायराचे वडील इब्राहिमभाई कुवेतला होते. गावात आले की शाळेत येऊन जायचे, मुलांना चॉकलेटं आणि मला अत्तराची बाटली देऊन जायचे. त्या वर्षी सुट्टी संपवून निघताना ते माझ्या टेबलापाशी जरा रेंगाळले.

"बाई, मी थकडं बसून हिला फोन करतंय. म्हणतंय, वायच वाचून दाखव. तर ही फोन फिरवून मना बकरी दाखवते," ते म्हणाले. "पुढल्या ईदला येईन तवा हिनं मना वाचून दाखवलं पायजे. तुमी बगा कायतरी."

मी हो म्हटलं. शिक्षकांना हो म्हणायची सवयच असते.

मग मी मागे लागले. अक्षरं गिरवून घेतली, बाराखडी घेतली, फळ्यावर लिहिलं, पाटीवर लिहिलं. सायरा बाराखडी गाण्यासारखी म्हणायची, अक्षरं वेगवेगळी दाखवली तर निम्मी ओळखायची, पण दोन अक्षरं जोडून शब्द लावायचा म्हटलं की तिथेच सगळं थांबायचं. हळूहळू वाचनाच्या तासाला तिच्या पोटात दुखायला लागलं. एकदा मी तिला जवळ घेऊन विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "बाई, मना नाय जमायचा. माजं डोकं त्याच्यातलं नाय." आठ वर्षांची पोर एवढ्या समजूतदारपणे स्वतःवर काट मारते, ते बघून मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

अशात ते संशोधन आलं.

पुण्याहून मृण्मयी नावाची मुलगी आली होती. पंचविशीतली, पाठीवर सॅक, तोंडात अतिशय शुद्ध मराठी. तिच्या संस्थेने वाचायला शिकवण्याची एक नवीन पद्धत तयार केली होती आणि ती खरंच चालते का, हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत बघायचं होतं. रत्नागिरीत एका हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना बोलावलं. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा दोन गटांत वाटल्या. गट अ मधल्या शिक्षकांना प्रशिक्षण, कार्डांनी भरलेली पेटी, गोष्टींची पुस्तकं आणि दुपारचं जेवण. गट ब मधल्यांना फक्त जेवण.

गट ब चं काम तिने समजावून सांगितलं. आंब्याच्या एका कलमावर नवीन औषध फवारायचं, शेजारच्यावर नाही, आणि मोहोर कुठे जास्त धरतो ते बघायचं. दोन्ही कलमांवर फवारलं तर औषधाचा गुण कळणार कसा? हे आमच्या सगळ्यांच्या लगेच डोक्यात शिरलं, कारण इथे प्रत्येकाच्या घरी दोन-चार कलमं असतात. गट ब म्हणजे न फवारलेली कलमं. आमच्या हातात जो कागद दिला त्यावर छापलेलं होतं: नेहमीप्रमाणे शिकवा. खाली आणखी एक ओळ होती, की दुसऱ्या गटातल्या शिक्षकांशी पद्धतीबद्दल चर्चा करणार नाही. त्याखाली सही.

मी सही केली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, गट अ च्या रांगेत, आमच्या ह्यांनी सही केली.

आमचे हे म्हणजे साळवी गुरुजी. पावस गावाच्या पुढच्या डोंगरातल्या वाडीवरची त्यांची शाळा. माझं नोकरीत नाव लागलं ते लग्नाआधी, त्यामुळे सेवापुस्तकात मी अजून नागवेकरच. मृण्मयीच्या यादीत साळवी सर गट अ मध्ये होते आणि नागवेकर मॅडम गट ब मध्ये, आणि दोघांची रात्रीची भाजी एकाच कढईत शिजते हे त्या यादीला माहीत नव्हतं.

ह्यांना ते फार टोचलं. सरळ माणूस. आयुष्यात शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही. ते आमच्या केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, आम्ही नवराबायको आहोत हे त्या मुलीला सांगायला हवं."

साहेबांनी पान लावता लावता विचारलं, "त्यांनी विचारलंनी काय?"

"नाही."

"मग गप ऱ्हवा ना, गुरुजी."

वरच्या साहेबाने गप्प राहा म्हटल्यावर हे गप्प राहिले, आणि मग घरातसुद्धा गप्प राहिले. वाडीवरच्या शाळेला कपाट नव्हतं म्हणून पेटी रोज घरी यायची; आली की कपाटात ठेवून कुलूप आणि किल्ली करगोट्याला. मी म्हटलं, "अहो, नुसतं बघू तरी द्या." ते म्हणाले, "सही केलीय तू." जेवताना शाळेचा विषय निघाला की ते आमसुलाच्या सारावर बोलायला लागायचे. इतक्या वर्षांच्या संसारात ते सारावर इतकं कधी बोलले नव्हते.

दरम्यान मृण्मयी माझ्या वर्गाची पहिली चाचणी घ्यायला आली. प्रत्येक मुलाला एक न पाहिलेला उतारा द्यायचा आणि मोबाइलवर वेळ लावून ते किती शब्द बरोबर वाचतं ते बघायचं. सायराच्या हातात कागद आला. वर बैल आणि शेतकऱ्याचं चित्र होतं. सायराने चित्र नीट बघितलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "एक माणूस होता. त्याच्या बैलाला ताप आला. तो त्याला घेऊन रत्नागिरीला चालला. एसटीत बैलाला घेईनात." पुढे बैल, कंडक्टर आणि दवाखान्यातली नर्स यांची अशी काही झकास गोष्ट तिने रचली की बाकीची मुलं खिडकीशी जमा झाली.

मृण्मयीने शून्य लिहिलं.

"अहो, गोष्ट चांगली होती," मी म्हटलं.

"मॅडम, खूपच चांगली होती," मृण्मयी म्हणाली. "पण कागदावर ती नव्हती."

तिचंही बरोबरच होतं. सायरा मात्र सगळं समजली. बाकावर जाऊन बसली आणि चाचणी संपेपर्यंत पोट धरून राहिली.

आता न्हाणीघराकडे येते.

आमच्या ह्यांना एक सवय आहे. दुसऱ्या दिवशीचा, खरं तर त्याच दिवशीचा पाठ ते आंघोळ करताना मोठ्याने म्हणून बघतात. लग्न झाल्यापासून मी चौथीचा भूगोल न्हाणीघराच्या दारातून ऐकत आलेय. ते नुसतं शिकवत नाहीत, मुलांची उत्तरंही तेच देतात, बारीक आवाज काढून. या सवयीची त्यांना स्वतःला अजिबात कल्पना नव्हती. माणूस घोरतो ते त्याला कुठे ऐकू येतं?

एका सकाळी मी घावन घालत होते. आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ह्यांचा, "आता कान उघडे, तोंड बंद. मी शब्द म्हणतो. क-म-ळ. टाळ्या किती?" ओल्या हातांच्या तीन टाळ्या. मग बारीक आवाजात, "तीन, गुरुजी." पुन्हा भारदस्त आवाजात, "शाब्बास. पहिला आवाज कोणता?"

मी उलथनं हातात धरून दाराजवळ गेले. मुद्दाम नाही, दार चुलीपासून जवळच आहे.

"आज आपल्याकडे तीनच अक्षरं. क, म, ल. आणि एक काना. एवढ्यावर किती शब्द होतात बघू." तांब्या आपटला. "काम. माल. लाल. मला. काका. मामा. कमाल."

तव्यावरचं घावन जळलं. मी तिथेच उभी. आम्ही इतकी वर्षं काय करत होतो? आधी क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, मग सगळी बाराखडी, आणि मग कधीतरी शब्द. तिथवर पोचेपर्यंत अर्ध्या वर्गाचा जीव जातो. इथे तीन अक्षरांवर पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात सात शब्द येत होते. आणि त्याआधी कानाने शब्दाचे तुकडे करायचे, टाळ्या वाजवून. सायराला हेच जमत नव्हतं. तिला शब्द म्हणजे एकसंध गोळा वाटायचा, गाण्यासारखा, आणि तो फोडायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

आता इथे वाचकाने नीट लक्ष द्यावं. मी ह्यांना काही विचारलं नाही. ह्यांनी मला काही सांगितलं नाही. पेटीचं कुलूप मी बघितलंसुद्धा नाही. सहीचा शब्दन् शब्द आम्ही दोघांनी पाळला. फक्त तेव्हापासून मी रोज सकाळी स्वयंपाकाला थोडी लवकर लागायला लागले.

शाळेत मी सुरुवात माशांपासून केली. मां-दे-ली, तीन टाळ्या. सु-र-म-ई, चार. को-ळं-बी. मुलांना वाटलं, बाईंना आज काहीतरी झालंय, पण पोरं अशी रंगली की मधल्या सुट्टीत आपापल्या आयांच्या नावांवर टाळ्या वाजवत फिरायला लागली. अक्षरं निवडताना मात्र मी ह्यांच्या क-म-ल च्या वाटेला गेले नाही. मी फळ्यावर स, य, र आणि काना लिहिले. सायराला स्वतःचं नाव लिहिता येत होतं, पण चित्र काढावं तसं. त्याचे सुटे भाग होतात, हे तिला माहीत नव्हतं.

मी तिला पुढे बोलावलं आणि तिच्या नावातली दोन अक्षरं वेगळी काढून लिहिली. ती बराच वेळ बघत राहिली. ओठ हलले. मग हळूच म्हणाली, "र... स." आणि माझ्याकडे वळून, "आंब्याचा रस, बाई?"

"आंब्याचाच."

"हा माज्या नावात हाय?"

मग तिने साय काढली. सार काढलं. सारा काढलं आणि सांगितलं की ती तिच्या मामाची मुलगी. त्या दिवशी ती घरी जाताना बांधावरच्या पाट्या, रिक्षाच्या मागचं, किराणा दुकानाच्या फळीवरचं, जिथे तिची अक्षरं दिसतील तिथे थांबत गेली. तिची दादी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आली की पोरगी घरी यायला उशीर करते. इतक्या गोड तक्रारी माझ्या नोकरीत फारशा आल्या नाहीत.

वर्षाच्या मध्यावर मृण्मयी दुसऱ्या चाचणीला आली. ती व्हरांड्यात असतानाच तिने वर्गातल्या टाळ्या ऐकल्या. आत येऊन ती सुरमईच्या चारही टाळ्या ऐकत उभी राहिली, आणि तिचा चेहरा फळ्यासारखा कोरा झाला. मुलांनी वाचलं. सगळ्यांचंच वाचन वाढलं होतं. सायराने छोटे शब्द लावत लावत अर्धा उतारा पार केला. मृण्मयीने आकडे लिहिले, पेन ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, छान वाचतायत मुलं." असं म्हणताना कोणाचा आवाज इतका दुःखी मी ऐकला नव्हता.

मला तिने काही विचारलं नाही. तिने अंदाज बांधला की जवळच्या गट अ च्या शाळेतून पद्धत फुटली असणार, आणि जवळची शाळा म्हणजे साळवी सरांची. रविवारी सकाळी ती पत्ता विचारत आमच्या अंगणात उभी राहिली. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आत आले तर तिचा आवाज ऐकू आला, "सर, तुम्ही नागवेकर मॅडमना ओळखता?"

 खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची सोय नाही, अशा वेळी ते खाकरतात. ते खाकरले.

मी चहाचा ट्रे आणि आंबावडीची ताटली घेऊन बाहेर गेले.

"मॅडम," मृण्मयी उभी राहिली, "तुम्ही इथे कशा?"

"मी इथेच राहते," मी म्हटलं. "चहात साखर घालू ना?"

तिने आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघितलं. मग ती खाली बसली. हे खुर्चीवरून उठून म्हणाले, "मी शपथेवर सांगतो, ह्या विषयावर मी घरात एक अक्षर काढलेलं नाही. पेटीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे."

"मग मॅडमना कसं कळलं?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. ह्यांच्या नजरेत तर चोर पकडल्याचा संताप होता. मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"आंघोळ करताना," मी म्हटलं.

"कोण?" मृण्मयीने विचारलं.

"हे. रोज. टाळ्यांसकट. मुलांची उत्तरंसुद्धा देतात, बारीक आवाजात."

ह्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मृण्मयीला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

"मॅडम, कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. नेहमीप्रमाणे शिकवा."

"मी नेहमीप्रमाणेच शिकवलं," मी म्हटलं. "माझी नेहमीची पद्धत कोणती, हे तुम्ही विचारलंच नाही. नोकरीला लागल्यापासून मी जिथे जे चांगलं दिसेल ते उचलत आलेय. हिच्या शाळेतला तक्ता, त्याच्या शाळेतलं गाणं, अंगणवाडीतल्या ताईंचे खेळ. कोणत्याही शाळेत नवीन तक्ता लागला की आठवड्यात तो सगळ्या केंद्रात दिसतो. चोरी हीच आमची पद्धत. ती थांबवली असती, तर ते नेहमीप्रमाणे झालं नसतं."

मला वाटलं, बिनतोड बोलले. हेसुद्धा क्षणभर कौतुकाने बघायला लागले होते. मृण्मयीने चहाचा कप खाली ठेवला.

"हे खरंच माझ्या लक्षात यायला हवं होतं," ती म्हणाली. "पण आता बघा काय होतं. तुमची मुलं सरांच्या मुलांइतकीच वाचायला लागली. म्हणजे दोन गटांत फरकच नाही. अशा अजून दोन-तीन शाळा निघाल्या, तर अहवालात येईल की या पद्धतीचा उपयोग नाही. मग पुढच्या वर्षी ती कोणालाच मिळणार नाही. तुम्हाला आवडली म्हणूनच ती बंद पडेल."

हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेजारच्या कलमावर वाऱ्याने औषध उडालं, एवढंच मी बघितलं होतं. दुसऱ्या गावांतल्या, मला कधीच न दिसणाऱ्या सायरांचं काय, हा विचार मी केला नव्हता. आजही तो आठवला की मला स्वतःचा थोडा राग येतो.

"मग मी काय करायला हवं होतं?" मी विचारलं.

"एक वर्ष थांबायला. पुढच्या वर्षी पेटी तुम्हालाच मिळणार होती."

"ती पोर तीन वर्षं ऐकतेय की पुढच्या वर्षी येईल," मी म्हटलं. "तुम्ही तिला शून्य दिलंत तेव्हा तिच्या पोटात किती दुखलं, ते तुम्ही बघितलंत ना?"

मृण्मयीने बघितलं होतं. तिने कप पुन्हा उचलून चहा संपवला. मग म्हणाली, "मी खोटं लिहू शकत नाही, मॅडम. जे झालं ते तसंच लिहीन. न्हाणीघरासकट." आणि जाताना आंबावडी मागून घेतली.

त्यानंतर घरात अबोला. ह्यांनी न्हाणीघरात तोंड उघडणं बंद केलं. इतकी शांत आंघोळ की मला दोनदा दार वाजवून विचारावं लागलं, बरे आहात ना? जेवताना सारसुद्धा बंद झालं.

मग संस्थेकडून कळवलं गेलं की आमची शाळा अभ्यासातून वगळण्यात येत आहे. केंद्रप्रमुखांनी फार गंभीर चेहऱ्याने ही शिक्षा मला सांगितली. मी मान खाली घालून ऐकलं आणि येताना पेढे घेऊन आले. वगळलेल्या शाळेने काय शिकवावं, यावर कोणाचंच बंधन नव्हतं.

त्या संध्याकाळी ह्यांनी करगोट्याची किल्ली काढली, पेटी जेवणाच्या टेबलावर आणली, चष्मा लावला आणि मला समोर बसवून रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. "हे बघ, आधी कान, मग डोळा." मी सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला, मधेमधे शंकाही विचारल्या. संसार टिकवायचा असेल तर एवढं करावं लागतं.

पेटीतली गोष्टींची पुस्तकं सायराने फस्त केली. वाचताना बोट ओळीखालून सरकायचं, अडलं की मागे जायचं, पुन्हा यायचं. पोटदुखी गेली.

ईदच्या आधी मृण्मयी एकदा आली. तिचं काम नव्हतं, आमची शाळा यादीत उरलीच नव्हती. म्हणाली, "हे मोजायचं नाही. मला फक्त ऐकायचंय." तिने सायराला एक नवा उतारा दिला. सायरा वाचायला लागली. कोळी नदीवर गेला. त्याने जाळं टाकलं. जाळ्यात एक मोठा बोंबील सापडला. इथे ती थांबली. मृण्मयीला वाटलं, शब्द अडला. तिने मदत करायला तोंड उघडलं.

"बाई, ह्यात चूक हाय," सायरा मला म्हणाली. "बोंबील नदीत कुटं असतो?"

मूल वाचायला लागलं हे मला त्या क्षणी पक्कं समजलं. पाठ केलेल्या मजकुराशी कोणी भांडत नाही. मृण्मयीने मोबाइलवरची वेळ लावलेलीच नव्हती, तरी तिने तो उलटा करून ठेवला आणि सायराला विचारलं, मग काय लिहू? सायराने बराच विचार करून तिला दुसरा मासा सुचवला. हे वाचन कुठल्याही अहवालात नाही.

ईदला इब्राहिमभाई आले. शीरखुर्म्याचा डबा घेऊन मला घरी न्यायला स्वतः आले. ओटीवर दादी, सायराची आई, शेजारपाजार. सायराने उभं राहून एक आख्खं पुस्तक वाचलं, आवाज चढवून, पात्रांप्रमाणे बदलून. इब्राहिमभाई भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाच." तिने परत वाचलं. त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, तो काही ओला नव्हता.

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"बाई, तुमी लय मोठं काम केलंव. मना आदी धाडस व्हत नव्हतं. आता हिला रत्नागिरीत इंग्लिश मीडियमला घालतंय. थय परीक्षा घेतात ना. आता ही पास व्हईल."

मी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून होते.  मी शिकवलं नसतं, तर ती माझ्याकडेच राहिली असती. शिकवलं म्हणून चालली. मी हसून म्हटलं, "होईल की पास." आणि मग शीरखुर्मा खाल्ला. गोड होता.

उन्हाळ्यात ते दाखला न्यायला आले. शाळेबाहेर रिक्षा उभी होती, त्यांना पुढे शहरात जाऊन फी भरायची होती. मी दाखला लिहून, सही करून, शिक्का मारून त्यांच्यापुढे धरला. सायराने तो मधेच घेतला आणि माझ्या टेबलाला टेकून मोठ्याने वाचायला लागली. तिचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. प्रगती, समाधानकारक. त्या शब्दावर अडली, मागे गेली, पुन्हा लावला.

"समाधानकारक म्हंजे काय, बाई?"

"म्हणजे बाईंना बरं वाटलं."

तिने मान हलवली आणि पुढे गेली. शाळा सोडल्याचं कारण. शेरा. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. इब्राहिमभाई म्हणाले, "चल गो, वाटेत वाच."

"वायच थांबा, खाली अजून हाय," ती म्हणाली.

दाखल्याच्या तळाशी सूचनांची बारीक अक्षरं असतात. इतक्या वर्षांत मी शेकडो दाखले दिले, ती अक्षरं कोणी वाचलेली मला आठवत नाहीत. मीही कधी वाचली नव्हती. हॉर्न पुन्हा वाजला. सायराने बोट त्या ओळीखाली ठेवलं आणि पहिलं अक्षर लावलं. मी काही तिला घाई केली नाही.